अप्पांच्या पाठीमागचा कॅमेरा

त्या मंगळवारी अप्पांनी जेवणाआधी एकतीस गणपतींचे डोळे काढले, चहात साखर कमी पडली म्हणून कारखान्यातल्या जनूशी भांडण केलं, दुपारी ते मिटवलं, आणि संध्याकाळी बत्तिसाव्या गणपतीसमोर कुंचला धुऊन ठेवत त्याला म्हणाले, "तुझं उद्या." गणपतीला पाच आठवडे होते. पेणमधल्या दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात त्या दिवशी याहून वेगळं काही घडलं नसावं.

अप्पांच्या, म्हणजे गोविंदा मूर्तिकारांच्या कारखान्यात सगळ्यांनी सगळं करायचं, असा नियम होता. शाडू मळायची, साचे भरायचे, सोंड जोडायची, पितांबर रंगवायचं. डोळ्यांना मात्र फक्त अप्पांनी हात लावायचा. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी, वडिलांच्या आधी आजोबांनी. डोळ्यांची आखणी बापाकडून मुलाकडे जायची. अप्पांना मुलगा नव्हता, दिपिका होती. ती सातव्या वर्षापासून मुकुट आणि पितांबराचे काठ रंगवत आली होती, आणि तिचे काठ बघायला शेजारच्या आळीतला दत्तात्रेय मूर्तिकार काहीतरी निमित्त काढून यायचा. डोळ्यांचा विषय कधी निघाला नाही. अप्पांनी तिला कधी नाही म्हटलं नव्हतं, कारण तिनं कधी विचारलं नव्हतं. मोठी झाल्यावर ती रोह्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जाऊ लागली. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं, आणि सीझनला रजा टाकून काठ रंगवायचे, असं सात वर्षं चाललं होतं.

त्याच मंगळवारी संध्याकाळी ती रिक्षातून क्लासचा जुना कॉम्प्युटर घेऊन आली. क्लासमध्ये नवी मशीन आली होती आणि सरांनी हे तिला देऊन टाकलं होतं. अप्पांनी त्याला सगळ्या बाजूंनी फिरून पाहिलं, मागच्या वायरी पाहिल्या आणि ज्यानं कोणी हे केलं त्याला पाठ घडवता येत नाही, एवढं सांगून जेवायला बसले. जेवताना जनूच्या चहाबद्दल पुन्हा थोडं बोलले. मग झोपले.

बुधवारी सकाळी उठले तेव्हा उजव्या डोळ्यात काही नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागची शीर बंद झाली, तो डोळा गेला असं समजा; डावा उत्तम आहे, महिनाभर विश्रांती घ्या. अप्पांना हे फार वाईट वाटलं नाही. निदान तसं त्यांनी दाखवलं नाही. घरी येऊन हातपाय धुतले आणि सरळ बत्तिसाव्या गणपतीसमोर बसले. एका डोळ्याने वस्तू दिसते, पण ती किती लांब आहे ते कळत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ते गणपतीनं सांगितलं. कुंचला आधी टेकलाच नाही, मग अप्पांनी तो जरा पुढे रेटला तर सोंडेवर आपटला. अप्पांनी पुसलं, पुन्हा बसले, पुन्हा आपटला. चौथ्या वेळी त्यांनी गणपतीच्या डोक्यावर वर्तमानपत्र घातलं आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. दोन दिवस बसले. त्यांना बशीतही चहा नीट ओतता येत नव्हता, आणि जनू तर चहात साखर दुप्पट घालत होता. त्यावरही ते काही बोलले नाहीत, तेव्हा दिपिका घाबरली.

तिनं कॉम्प्युटर लावला. त्यात क्लासच्या कोणीतरी भरलेला एक गेम होता. आपण एक योद्धा व्हायचं, गावोगाव फिरायचं, लोक कामं सांगतात ती करायची, आणि केलेल्या कामांनी योद्धा हळूहळू मोठा होत जायचा. तिनं अप्पांना खुर्चीत बसवलं, त्यांचं बोट बाणाच्या बटणावर ठेवलं. पडद्यावर एक रस्ता होता आणि खालच्या कोपऱ्यात तलवार धरलेला एक हात.

"हा हात कोणाचा?" अप्पांनी विचारलं.

"तुमचा."

"माझं मनगट असं नाय."

तरी ते निघाले, आणि पहिल्याच वळणावर भिंतीला धडकले. मग झाडाला. मग एका म्हातारीला. भिंत किती लांब आहे ते इथेही कळत नव्हतं. अप्पांचं तोंड पुन्हा भिंतीकडे वळायला लागलं, तेव्हा दिपिकानं घाईघाईनं दुसरं एक बटण दाबलं. दृश्य मागे सरकलं, जरा वर गेलं, आणि रस्त्यात एक माणूस पाठमोरा उभा दिसला.

"हा कोण?"

"तुम्हीच, अप्पा."

"मी हा, तर मग बघतोय कोण?"

"तुम्हीच. मागून."

अप्पा बराच वेळ त्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी बाणाचं बटण दाबलं. तो माणूस चालू लागला, म्हातारीच्या बाजूने गेला, झाडाला वळसा घातला आणि भिंतीच्या आधी हातभर थांबला. अप्पांनी मांडी मोडली, पाय खाली सोडले आणि खुर्ची पुढे ओढली.

पुढचे आठ दिवस ते उठले नाहीत. लोहारानं नऊ लांडगे मारायला सांगितले होते, ते त्यांनी मारले नाहीत. लांडग्यांनी आपलं काही केलं नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्याऐवजी ते गडबहून खांबला निरोप न्यावा तसे या गावचे निरोप त्या गावाला नेत राहिले आणि तेवढ्यावर चांगले दणकट झाले. तक्रार एकच होती. योद्ध्याचं तोंड दिसत नव्हतं. अप्पा त्याला वळवायचे, की मागून दाखवणारा कॅमेराही वळायचा आणि पुन्हा पाठच. एक अख्खी दुपार त्यांनी त्याला गरगर फिरवला, या आशेनं की कधीतरी कॅमेरा बेसावध सापडेल. जनू, जो अप्पांच्या लग्नाच्याही आधीपासून कारखान्यात होता, त्यांच्या मागे स्टूल टाकून बसायचा. योद्ध्याच्या मागे अप्पा, अप्पांच्या मागे जनू. कारखान्यात साडेतीनशे गणपती डोळ्यांवाचून बसले होते आणि कोणी त्यांच्याकडे जात नव्हतं. दिपिका एकटी काठ रंगवत होती. रंगवायला काठच उरले नाहीत, तेव्हा ती उगाच पहिल्यापासून परत बघायला लागली.

मग एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. सकाळी दत्तात्रेय येऊन गेला. तो भला माणूस होता. म्हणाला, गोविंदा, माझा माणूस पाठवतो, आखणी करून देईल, कोणाला कळायचं नाय. अप्पांनी त्याला चहा पाजला, दाराबाहेरपर्यंत सोडला आणि आत येऊन सांगितलं की या घरच्या गणपतीला परका डोळा लागला तर त्याच दिवशी कारखान्याला कुलूप. दुपारी रोह्याच्या मंडळाचे अध्यक्ष हरेश यांचा फोन आला. त्यांचा गणपती सहा फुटी. दरवर्षी ते स्वतः येत, मूर्तीच्या डोळ्याला डोळा लावून बघत, आणि पटलं तरच नारळ ठेवत. गोविंदाशेठना बरं नाही असं त्यांच्या कानावर आलं होतं. ते रविवारी चारला येणार होते. डोळे असले तर नारळ, नसले तर आहे तशी मूर्ती टेम्पोत घालून दत्तात्रेयकडे. त्यांचाही नाइलाज होता.

दिपिकानं फोन ठेवला आणि निरोप सांगितला. सांगताना तिला आणखी एक वाक्य बोलायचं होतं. ते तिनं तोंडात आणलंही होतं. पण ज्याचा डोळा जाऊन पुरते पंधरा दिवस झाले नाहीत त्याच्यासमोर ते कसं बोलायचं, म्हणून तिनं ते गिळलं आणि चहा करायला गेली.

चहा घेऊन आली तोवर अप्पांना सापडलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. गेममध्ये आतून बघितलं की ते आपटतात, मागून बघितलं की आपटत नाहीत. डोळा दोन्ही वेळा तोच, डावा. म्हणजे दोष डोळ्याचा नाही, उभं राहायच्या जागेचा आहे. कोणीतरी त्यांच्या मागे उभं राहून बघितलं पाहिजे, की झालं. दिपिकानं यातली चूक शोधायचा प्रयत्न केला. ती क्लासमध्ये पोरांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची, पण ही तिला दोन घोटांत सापडेना.

जनूला मागे उभं केलं. एका लहान मूर्तीवर चाचणी घ्यायची ठरली. जनूनं "पुढं, पुढं, अजून पुढं" म्हटलं, मग "तुझं डोकं मध्ये येतंय" म्हटलं. अप्पांनी डोकं वाकडं केलं, तर खांदा आला. जनू स्टुलावर चढला. स्टुलावरून त्याला अप्पांची टाळू उत्तम दिसत होती. मग तो घोड्यावर चढला, म्हणजे रंगाऱ्याची तीन पायांची शिडी असते त्यावर, आणि तिथून वाकून बघताना त्याचा चष्मा सुटून रंगाच्या वाटीत पडला. चष्म्याशिवाय त्यानं दिलेल्या सूचनांवर अप्पांनी जो डोळा काढला तो मूर्तीच्या कानात होता.

"गेमात असं होत नाय," अप्पा म्हणाले.

"गेमात मी नाय," जनू म्हणाला.

हे अप्पांना पटलं. तिथे कॅमेरा होता, इथे जनू होता. तेव्हा कॅमेरा पाहिजे. पेणमध्ये कॅमेरा म्हणजे पोपट. पोपट शूटिंगवाला चाळिशीचा गृहस्थ, तालुक्यातलं एकही लग्न त्याच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्यातून सुटलेलं नव्हतं. तो लग्नात कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडून बाहेरच्या पंगतीला आतली अक्षत दाखवायचा. तसंच इथे करायचं. पोपटनं अप्पांच्या मागे उभं राहायचं, टीव्ही मूर्तीच्या बाजूला ठेवायचा, आणि अप्पांनी मूर्तीकडे न बघता टीव्हीत बघायचं. म्हणजे त्यांना त्यांची पाठ, हात, कुंचला आणि गणपती, सगळं बाहेरून दिसेल.

आणि खरंच जमलं. शनिवारी संध्याकाळी अप्पांनी टीव्हीत बघत हळद-कुंकवाचं बोट लावावं तसा एक ठिपका मूर्तीच्या कपाळावर बरोबर मध्यभागी टेकवला. जनूनं टाळ्या वाजवल्या. दिपिकानंही वाजवल्या. वाजवताना आपल्याला आनंद झालाय की नाही हे तिला नक्की कळलं नाही, आणि त्याची तिला लाज वाटली.

रविवारी तीनला सगळे जागेवर होते. सहा फुटी मूर्ती पाटावर, तिच्यासमोर घोड्याच्या तिसऱ्या पायरीवर अप्पा, मागे पोपट, डावीकडे टीव्ही. टीव्ही जुना होता आणि रंग जरा निळ्याकडे झुकायचे. जनूकडे दिवा धरायचं काम होतं. दिपिकाला काही काम नव्हतं. ती पोपटच्या उजव्या हाताला, दाराच्या बाजूला उभी होती. अप्पांनी पहिल्या डोळ्याची वरची पापणी एका दमात ओढली. ती बरोबर आली. मग खालची. तीही आली. अप्पा टीव्हीत बघत होते, जनू टीव्हीत बघत होता, पोपट कॅमेऱ्यात बघत होता. गणपतीकडे सरळ बघणारी एकटी दिपिका होती.

दुसऱ्या डोळ्याला कुंचला टेकला आणि दारात चपला वाजल्या. हरेश आणि मंडळाची चार माणसं, हातात नारळ, वेळेच्या अर्धा तास आधी.

आता, वीस वर्षं लग्नाचं शूटिंग केलेल्या माणसाला एक सवय असते. दारात पाहुणे आले की कॅमेरा दाराकडे वळतो. पोपटनं ठरवून काही केलं नाही. त्याचा खांदाच वळला. तो वळताना वाटेत एक हलणारा हात आला, आणि बाईमाणसाचा हात दिसला की त्यावरची मेंदी जवळून घ्यायची, ही पोपटची दुसरी सवय. कॅमेरा तिथे थांबला आणि जवळ गेला. असं चांगलं पाऊण मिनिट. मग तो दाराकडे गेला, आणि टीव्हीत नारळ दिसला.

पेणच्या गणपतीनं बरंच काही बघितलं असेल, पण त्या दिवशी त्याच्या डाव्या डोळ्याच्या जागेवरून निघालेली काळी रेघ गालावरून, सोंडेवरून जात मुकुटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली होती. कुंचला अजून तिथेच टेकलेला होता. मंडळाच्या माणसांनी ती बघितली. जनूनं दिवा खाली घेतला.

अप्पांनी मात्र शांतपणे कुंचला उचलला आणि वळून हरेशना म्हणाले, "या, बसा. डोळे झाले."

कोणी बसलं नाही. हरेश सभ्य माणूस. त्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला, मग म्हणाले की गोविंदाशेठ, आमचं काही म्हणणं नाही, तुम्ही आराम करा, टेम्पो बाहेर उभा आहे. अप्पांना कळेना. त्यांनी वळून मूर्तीकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं, हात पुढे करून तिचा गाल चाचपला, बोटांना काळा रंग लागला, तो त्यांनी डाव्या डोळ्याजवळ नेऊन पाहिला. आणि ते घोड्याच्या पायरीवरच बसले.

"नाय," ते म्हणाले. "मी बघितला ना. टीव्हीत बघितला मी. वरची पापणी एका दमात गेली. बुबुळ किती सरळ बसलं. इतका बरा डोळा माझ्या हातून कधी निघाला नाय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. माणसाचं डोकंही गेलं की काय, असं हरेशच्या चेहऱ्यावर आलं. जनूनं अप्पांच्या पाठीवर हात ठेवला. अप्पा ऐकायला तयार नव्हते. हात टीव्हीत होता, हात बरोबर चालला होता, मग मूर्तीवर रेघ कोणी मारली? पोपटला आपल्या धंद्याच्या अब्रूची काळजी पडली. कॅमेरा खोटं दाखवत नाही, म्हणाला, कॅसेट आहे, लावून बघा. त्यानं कॅसेट मागे फिरवली. मंडळाची माणसं, नारळ घेऊन, टीव्हीसमोर अर्ध्या वर्तुळात उभी राहिली. दिपिका भिंतीशी होती. टीव्हीत काय दिसणार हे तिलाही माहीत नव्हतं.

टीव्हीत अप्पांची पाठ दिसली. बऱ्याच जणांना ती आधी ओळखू आली नाही. मग मूर्ती, एक पुरा डोळा, कुंचला दुसरीकडे टेकला, आणि चित्र घसरलं. भिंत, रंगाचे डबे, आणि हात. जवळून, निळसर, हवेत. अंगठा आणि दोन बोटं मिटलेली, मध्ये काही नाही. हातानं वरून एक बाक घेतला, एका दमात. मग खालून दुसरा. थांबला. बोटं किंचित फिरली आणि बुबुळ बसवलं. पुन्हा वर जाऊन पापणीची कड जरा जाड केली, अप्पा करायचे तशी, शेवटाला.

"हा बघा," अप्पा म्हणाले. "हाच. काय चुकलं त्याचं?"

"अप्पा," पोपट म्हणाला, "त्याच्या मनगटाला लेडीज घड्याळ हाय."

हरेश वळले. जनू वळला, आणि त्याच्याबरोबर दिवाही वळला, त्यामुळे दिपिका भिंतीशी लख्ख उजेडात उभी राहिली. तिनं हात पाठीमागे घेतला होता. आपला हात हलत होता हे तिला आत्ता, सगळ्यांबरोबर, बाहेरून बघून कळलं होतं. कधीपासून हलत होता, याच वर्षी की दर वर्षी, तेही तिला सांगता आलं नसतं.

अप्पा सगळ्यात शेवटी वळले. त्यांना पूर्ण वळावं लागलं, डावा डोळा तिच्यावर येईपर्यंत. त्यांनी पोपटला खूण केली, कॅसेट मागे घ्यायला लावली आणि हात पुन्हा एकदा पाहिला. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा बघताना ते टीव्हीच्या इतक्या जवळ गेले की मंडळाच्या माणसांना काही दिसेना, पण कोणी त्यांना सरकायला सांगितलं नाही.

"काय करत होतीस गो?" त्यांनी विचारलं.

'काही नाही' हे उत्तर तिच्या तोंडात तयार होतं. वीस वर्षं तेच वापरात होतं. हरेश नारळ धरून उभे होते, टेम्पोवाला बाहेर हॉर्न देत होता, आणि काही नाही म्हटलं असतं तर सगळं जिथल्या तिथे जाऊन बसलं असतं: मूर्ती दत्तात्रेयकडे, कुलूप दाराला, ती सकाळच्या गाडीत. अप्पांनी कुंचला धुतला, पुसला आणि तिच्यापुढे धरला. अंतराचा अंदाज पुन्हा चुकला. त्यांनी तो तिच्या हातापासून वीतभर अलीकडेच धरून ठेवला, आणि तिनं घेतला असं समजून सोडणार एवढ्यात दिपिकानं पुढे होऊन तो पकडला.

पोपटनं सवयीनं कॅमेरा खांद्यावर घेतला. जनूनं विचारलं, की मी मागं उभा ऱ्हाऊ काय, पुढं-मागं सांगायला.

"नको, जनूकाका. मागं कोणी नको." मग ती अप्पांकडे वळली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, मंडळाच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. "डोळे मला काढायचेत, अप्पा. तुमचे दोन्ही चांगले होते ना, तेव्हापासून."